खटका दाबू नका

२१ एप्रिल २००३, सोमवार

जया,

‘साहेब, खटका दाबू नका!’ एवढंच ओरडलो मी काल, आणि तिथून माझं सगळं बदललं.

तू म्हणशील, हा पुन्हा सुरू झाला. झालो. उत्तर देऊ नको, नुसतं वाच.

काल इथला बाजार होता. मामाच्या गावात लाइट नाही, म्हणून दर रविवारी मी मोटारसायकलची बॅटरी पिशवीत घालून बाजारातल्या आटाचक्कीवर चार्ज करायला नेतो. काल सोबत डबाही नेला. तोच डबा, ज्याबद्दल मागच्या महिन्यात तुला लिहिलं. आत ब्लॅक-अँड-व्हाइट टीव्हीचा जुना ट्रान्सफॉर्मर, वर लाल खटका, आणि झाकणाखाली आपला प्लास्टिकचा स्नायू. आठवते ना, लायब्ररीत एका मासिकावर दोघं डोकं लावून बसलो होतो? ताणलेली पारदर्शक फिल्म, दोन्ही बाजूंना काजळी, वीज सोडली की ती पसरते आणि स्नायूसारखी हलते. मोटार नाही, चाक नाही, आवाज नाही. तू म्हणाली होतीस, ‘हे यंत्र वाटतच नाही बे.’

परतीच्या वाटेवर चौकीसमोर नाका आहे. प्रत्येकाची पिशवी बघतात. लातूरकडचा एक पोरगेलासा जवान आहे, त्यानं माझी पिशवी उघडली. बॅटरी, वायरा, डबा. हे पाहून त्याचा चेहरा उतरायला हवा होता, पण तो बिचारा नवा. त्यानं खटक्यावर अंगठा ठेवला. मला दिसलं काय, तर माझी फिल्म. बॅटरी नुकतीच भरलेली, व्होल्टेज जास्त, फिल्म फाटणार, पंधरवड्याची मेहनत जाणार. म्हणून मी ओरडलो.

जया, या भागात, नाक्यावर, वायरांच्या डब्याकडे बघून असं कोणी ओरडते का?

सगळा रस्ता आडवा झाला. बायका टोपल्यांसकट बसल्या, जवान वाळूच्या पोत्यांमागे पडले, एका म्हातारीची कोंबडी सुटून फडफडत गेली. उभे दोघंच. मी, आणि तो लातूरवाला. त्याचा अंगठा खटक्यात रुतला होता. त्याला काढताच येईना.

आणि झाकणाखाली ती काळी मूठ हळूच उघडली. त्यानं अंगठा सोडला, मिटली.

‘आयला,’ तो म्हणाला, ‘हे तर फुलायलंय!’

मग मला आत नेलं. साहेबानं विचारलं, हे काय? म्हटलं, प्लास्टिकचा स्नायू. कोणी बनवायला सांगितलं? कोणी नाही. मग कशाला बनवतोस? या प्रश्नाचं उत्तर तू होतीस, म्हणून मी गप्प बसलो. गप्प बसणं त्यांना आवडत नाही.

शेवटी व्हरांड्यात बसवून चहा दिला. पुढच्या रविवारी डब्यासकट हजर व्हायचं, वर कळवतो म्हणाले. डबा तिथंच ठेवून घेतील असं वाटलं होतं, पण रात्री त्या वस्तूसोबत झोपायला चौकीत कोणी तयार होईना.

मी घाबरलो नाही. अक्षर हललंय ते नदीत मामाच्या डोंगीत बसून लिहितोय म्हणून.

मिथुन


२५ एप्रिल

जया,

कालचं पत्र अजून टाकलं नाही. कालचं म्हणजे सोमवारचं. वारांचा हिशेब राहत नाही इथं.

चहा प्यालो, ही चूक झाली.

तेव्हा कळलं नाही. व्हरांडा रस्त्याला लागून, बाजार सुटलेला, अख्खा मुलूख समोरून जात होता. ज्याला मारून सोडलं त्याच्याशी लोक बोलतात. ज्याला चहा पाजून सोडलं त्याच्याशी बोलत नाहीत. तो चौकीचा माणूस. अशांचं पुढं काय होते ते मला कोणी सांगितलं नाही, पण मामी त्या दिवसापासून माझं जेवण वाढताना दार लावून घेते.

बुधवारी डोमा मामा मासे घेऊन गावात फिरला आणि भरली टोपली परत आणली. रोज घेणारी घरं म्हणाली, ‘आज उपास हाय.’ मामा हसत होता. म्हणाला, ‘साऱ्या गावानंच एका दिसी उपास धरला, मिथुन्या. मोठं पुण्य लागते आता.’ मग तो हसायचा थांबला.

लोक काय काय बोलतात, ते पिंकी सिस्टरनं सांगितलं. पिंकी सिस्टर म्हणजे उपकेंद्रातली नर्स. एक गट म्हणते मी बॉम्ब बनवून राहिलो. दुसरा गट म्हणते मी वाया गेलेला मुलगा आहे. या दुसऱ्याचं कारण सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. सुरुवातीला मला फिल्म मिळत नव्हती. नागपूरला गाड्यांच्या सजावटीच्या दुकानात ती दोन्हीकडून चिकटणारी टेप मिळते हे नंतर कळलं. तोवर पातळ रबर कुठून आणणार? सरकारी निरोध फुकट मिळतात. मी सिस्टरकडून खोकं नेलं. संपलं, दुसरं नेलं. तिसऱ्या वेळी ती म्हणाली, ‘भाऊ, लग्न झालं नाई म्हंता तुम्ही, अन् खोकं आठ दिवस पुरत नाई. आहे तरी काय तब्येत?’ मी लाल झालो, पण खरं सांगितलं नाही.

कोणालाच सांगितलं नाही. मामाला म्हटलं टीव्हीचा पार्ट आहे. मामीचं काजळ पळवलं, तिला म्हटलं डोळे आले. काऊन? तुला माहीत आहे काऊन. एकदा कॉलेजात सगळं उघडं टेबलावर ठेवलं होतं, तर सरांनी त्याचा पेपर स्वतःच्या नावानं वाचला. मी त्यांच्यासमोर जर्नल फाडून निघालो, आणि तू थांबलीस. दारापर्यंतही आली नाहीस. त्या दिवशी ठरवलं, आता होईपर्यंत कोणाला दाखवणार नाही. झाल्यावर तुला. फक्त तुला.

तर आता एकाला बॉम्ब दिसतो, दुसऱ्याला भानगड. स्नायू कोणालाच दिसत नाही.

मिथुन


२८ एप्रिल

जया,

आता मी घाबरलो आहे. पहिल्या पत्रात खोटं लिहिलं होतं, डोंगीत नव्हतो, मामाच्या ओसरीवर बसलो होतो. जमीन अजिबात हलत नव्हती.

काल चौकीत गेलो. साहेबाच्या टेबलावर तुझं पत्र होतं.

तुझं पत्र! दीड वर्षानं! उघडलेलं, कडा दुमडलेल्या. त्यांनीच मला ते वाचून दाखवलं, तुझे शब्द त्यांच्या आवाजात. ‘मिथुन, चारपट ताण दिलास का? खरंच पावशेर उचलतं? आणि पन्नास फुटांवरून? आमच्या लॅबमध्ये दोन ग्रॅमसाठी रडतात. खोटं असेल तर सांग, रागावणार नाही. जपून राहा. जया.’

एवढंच. पण मला तिथंच रडू आलं असतं, साहेब समोर नसता तर.

साहेबानं विचारलं, ‘जया कोण?’ म्हटलं, वर्गात होती. ‘पुण्यात काय करते?’ शिकते. ‘घर?’ ऊर्जानगर. बाप वीजकेंद्रात. ते त्यांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, ‘पन्नास फुटांवरून पावशेर वजन ओढता येतं, म्हणजे पन्नास फुटांवरून अजून काय काय ओढता येईल, मिथुन?’

मी म्हटलं, ‘साहेब, ते तसं नाही.’

‘मग कसं आहे?’

आणि जया, मी सांगू शकलो नाही. एक शब्द बोललो असतो तर सुटलो असतो. पण तो तुला कळला असता. पुढं तुला सांगतो तो शब्द, आज हात धजत नाही.

साहेब वाईट माणूस नाही. म्हणाला, अकरा तारखेला नागपूरहून जाणकार येईल, त्याच्यासमोर चालवून दाखव, नाहीतर जिल्ह्याला पाठवावं लागेल. तुझं नाव मात्र त्यांच्या कागदावर गेलं. माझ्यामुळे कोणी ऊर्जानगरात तुझ्या बाबांचं दार वाजवलं तर? ते कंपनीच्या बसमधून उतरतील, दारात दोन पोलीस, शेजारचे क्वार्टरवाले खिडकीत. मी कालपासून एवढंच डोळ्यांसमोर पाहून राहिलो.

टपालाचा भरवसा उरला नाही. पिंकी सिस्टर महिन्याच्या मीटिंगला चंद्रपूरला जाते. तिला आज सगळं सांगितलं, निरोधाचंही. ती इतकी हसली की खुर्ची धरावी लागली. मग म्हणाली, ‘द्या पत्रं. निरोधच्या खोक्यात तळाले ठेवतो. नाक्यावर पोट्टे ते खोकं पाह्यलं का मान फिरवते.’

मिथुन


५ मे

जया,

जंगू आला होता. जंगू बांबू तोडणाऱ्या टोळीवर असतो, मामाकडून नेहमी मासे नेतो. गावानं उपास धरला तेव्हाही त्यानं नेले होते, म्हणून मला तो आवडायचा.

भर दुपारी नदीवर मी जाळ्याचे तुटलेले डोळे विणत होतो. तो शेजारी बसला.

‘जोहार, टीव्हीवाले.’

‘जोहार.’

‘तिकडल्यानं इचारलं.’

तिकडले म्हणजे कोण ते इथं कोणी विचारत नाही. माझ्या हातातली सुई थांबली.

‘तुहा तो हात. दूरून उगडते म्हंते. पावशेर उचलते म्हंते. येत्या बाजारी घेऊन ये. बाजारामागं मोहाची झाडं हायेत, तिथी.’

‘अन् नाई आलो तं?’

जंगू टोपलीतले मासे निवडत होता. ‘ते मी पुसलं नाई,’ तो म्हणाला. ‘तू बी नको पुसू.’

तो गेल्यावर मला सुचलं. पावशेराचं मी जगात फक्त तुला लिहिलं होतं. पत्र चौकीत उघडलं, चौकीतून चहाच्या टपरीवर गेलं, टपरीवरून जंगलात. दोन्हीकडे आता एकच गोष्ट माहीत आहे, आणि ती मी तुझ्यावर छाप पाडायला लिहिलेली.

एकाच दिवशी, एकाच बाजारात, दोघांनी बोलावलं आहे. एकाकडे गेलो तर दुसऱ्याचा दुश्मन झालो.

मी पळालो. लिहितो तसंच, लपवत नाही. जेवणानंतर सगळे घरात पडलेले, मी मामाची डोंगी सोडली. पल्याड आंध्र. मामाचा साडू राहतो तिकडे, तेलुगू येत नसलं तरी पोट भरलं असतं. डबा सोबत घेतला. अर्ध्या नदीत वाळूचा पट्टा आहे, तिथवर गेलो आणि मागं पाहिलं. मामा काठावर उकिडवा बसला होता. त्यानं हाक मारली नाही. हात केला नाही. नुसता बसून पाहत होता, पाण्यात जाळं टाकून पाहतो तसा. मी गेलो की दोघंही त्यालाच विचारणार. पहिले एक, मग दुसरे.

डोंगी वळवली.

‘काऊन परतला?’ मामा म्हणाला.

‘चप्पल राह्यली.’

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. दोन्ही चपला पायात होत्या. ‘बरं झालं आला,’ तो म्हणाला, आणि डोंगी बांधली.

मिथुन


९ मे

जया,

आज तलाव उपसला. म्हणजे पाणी गुडघ्यावर आलं की आमच्या ढिवरांची सगळी घरं एकदम उतरतात, जाळी, टोपल्या, काहीजण नुसत्या हातांनी. आमच्यावर बहिष्कार असला तरी तलावात नाही म्हणता येत नाही. तलाव सगळ्यांचा.

मी उतरलो, पण कोणी माझ्या शेजारी जाळं धरेना. तेव्हा मी एकटाच चिखलात हात घालत राहिलो आणि एक मरळ हाती लागली. मोठी नव्हती. मामीनं बरेच दिवस चांगलं खाल्लं नव्हतं. मी ती दुपट्ट्यात गुंडाळली.

पद्धत अशी की धरलेलं सगळं काठावरच्या ताडपत्रीवर ओतायचं. बोटाएवढी मासोळीसुद्धा. मग म्हातारे माणसं घरागणिक वाटे घालतात. तोवर कोणी काही घरी नेत नाही. मी दुपट्टा काखेत धरून चढावर आलो आणि सगळे बोलायचे थांबले. रामाजी म्हणून एक म्हातारा आहे, तो म्हणाला, ‘डोमा, तुह्या भाच्यानं दहा किलोचा मासा दाबला बा.’

‘दहा काहून, वीस असन,’ दुसरा कोणी.

‘काखेत मावत नाई, पाहा ना!’

मामा माझ्याजवळ आला. ‘टाक.’

‘एकच तं आहे, मामा. मामीसाठी.’

‘मामीसाठी असो का देवासाठी. लपवली का लोकाले मोठीच दिसते, मिथुन्या. तिथी टाक. मंग दिसते केवढी हाय ते.’

मी टाकली. ताडपत्रीवर ती वीतभर मासोळी तडफडली, आणि सगळा काठ हसला. रामाजी तर खोकून खोकून हसला. ‘हात्तिच्या!’ म्हणाला. ‘यासाठी एवढा घाम?’ मीही हसलो. किती दिवसांनी लोक माझ्याकडे पाहून हसले. वाटे घातले तेव्हा मामाच्या घराचा वाटा सगळ्यांएवढाच घातला, आणि ती मरळ त्यावर ठेवली.

घरी अंगणात पाय धुताना मामानं नुसतं विचारलं, ‘ताडपत्री वाळवून ठेवू का? इतवारी लागन?’

इतवारी म्हणजे परवा. बाजाराचा दिवस.

मिथुन


११ मे, रविवार, सकाळ

जया,

आधी तो शब्द. खोटं.

पावशेर उचलत नाही. पन्नास फूट तर सोड, हातभर वायर लांबवली तरी फिल्म रुसते. माझा स्नायू एक वाळलेलं मोहफूल उचलतो. एक. दोन ठेवली तर वाकतो आणि टाकून देतो. मामाच्या बरगडीचा एक्स-रे होता, हेमलकशाच्या दवाखान्यात काढलेला. तो कापून चौकट केली, त्यावर चारपट ताणलेली फिल्म चिकटवली. सोडल्यावर ती आपोआप मुठीसारखी मिटली. हे मी ठरवून केलं नव्हतं, झालं. खटका दाबला की मूठ उघडते, सोडला की मिटते, आणि मिटताना फूल धरते. फुलाला सुरकुती पडत नाही. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कॉलेज आठवलं नाही, सर आठवले नाहीत. वाटलं, जया इथं पाहिजे होती. आणि तुला लिहायला बसलो तर मोहफूल लिहिताना लाज वाटली. तुमच्या लॅबमध्ये काय काय असेल. म्हणून पावशेर लिहिलं.

चौकीत साहेबासमोर एवढंच म्हणायचं होतं, ‘साहेब, तो फक्त फूल उचलतो.’ तुझ्यापुढं लहान दिसू नये म्हणून म्हटलं नाही. त्यापायी तुझं नाव कागदावर गेलं, मामाचे मासे घरी नासले.

आज मी चौकीत जात नाही. मोहाच्या झाडांखालीही जात नाही. बाजाराच्या मधोमध, मिठवाल्या आणि बांगडीवालीच्या मध्ये, मामा ताडपत्री अंथरणार आहे. तिच्यावर सगळं ओततो. ट्रान्सफॉर्मर, बॅटरी, काजळाची डबी, टेपचं रीळ, उरलेले निरोध. डबा खोलूनच ठेवतो. नागपूरचा जाणकार येईल, त्याला तिथंच उकिडवं बसवीन. तिकडलेही बाजारात असतातच, भाजी घेतात, कोणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं. सगळ्यांनी पाहावं. केवढी आहे ते दिसावं.

मामी फुलं बांधून देते आहे पदराच्या तुकड्यात. म्हणाली, ‘माझं काजळ पळवलं ते यासाठी काय? मले मांगितलं असतं तं ताजं पाडून दिलं नसतं?’

कदाचित लोक हसतील आणि गोष्ट संपेल. कदाचित एखाद्याला वाटेल, हे दाखवायचं आहे, खरं दुसरीकडे लपवलं. त्याला मी काय करणार? मला भीती वाटते. पाय आपोआप नदीकडे वळतात, मी त्यांना बाजाराकडे वळवतो. पण एकट्यानं झाकून भ्यायलो ती भीती वेगळी होती. आज मामा सोबत आहे, रामाजी येतो म्हणाला, ‘पाहू दे तं खरं तुहा दहा किलोचा मासा.’

तो लातूरचा जवान नाक्यावर असेल. खटका मी दाबणार नाही, त्यालाच दाबायला लावतो. त्या दिवशी त्याला नको म्हणून ओरडलो. आज हात जोडून म्हणतो, दाबा साहेब, खटका दाबा.

पिंकी सिस्टरची बस दुपारी आहे. तिचं खोकं अंगणात उघडं आहे, तळाशी जागा ठेवली आहे. तू लिहिलं होतंस, खोटं असेल तर सांग, रागावणार नाही. सांगितलं. आता तू रागावलीस तरी चालेल, पण ऊर्जानगरला एक फोन कर. बाबांना सांग, कोणी विचारायला आलं तर घाबरू नका, वर्गातला एक मुलगा होता, त्यानं फूल उचलायचं यंत्र केलं. बस, एवढंच सांग.

मामा ताडपत्री खांद्यावर घेऊन फाटकात उभा आहे. ‘मिथुन्या, चप्पल घातली का?’ ओरडतोय. हरामखोर म्हातारा, विसरला नाही.

या ओळी उभ्यानं लिहिल्या, कागद दारावर टेकवून. घरात दुसरी सपाट जागा नाही. आता कागद काढतो, खोक्यात ठेवतो, आणि बाहेर येऊन हेच दार ओढून घेतो.

मिथुन